तीन खडे आणि एक योद्धा

अंधेरीहून निघालेली बोरिवली स्लो जोगेश्वरीला लागते, मग राम मंदिर, गोरेगाव, मालाड, कांदिवली. दोन स्टेशनांमध्ये दोन-तीन मिनिटं, फार तर चार. एवढ्याशा वेळात काय होऊ शकतं? डब्यात नजर फिरवा. एका हाताने कडी धरून उभी असलेली कुणी बाई दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने स्क्रीनवरचा एक निळा खडा शेजारच्या घरात सरकवते. तीन निळे एका ओळीत येतात, फुटतात. वरचे खडे खाली घसरतात, त्यात तीन लाल आपोआप जुळतात, आणि वरच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या योद्ध्याची तलवार राक्षसावर पडते. राक्षस कोसळतो. योद्ध्याच्या नावापुढचा आकडा 37वरून 38 होतो. गोरेगाव आलं.

तो आकडा कांदिवलीलाही 38च असणार. उद्या सकाळी चर्चगेट फास्टमध्ये फोन उघडला तरी 38च. या साध्या गोष्टीत केवढी करामत दडली आहे, ते पाहण्यासारखं आहे.

त्या हातभर अंतरावरच्या स्क्रीनवर दोन असे खेळ एकत्र नांदताहेत, ज्यांचं पटायलाच नको होतं. कोड्याला कालचा दिवस नसतो. पेपरातलं सुडोकू सुटलं की पेपर रद्दीत जातो आणि उद्याचं सुडोकू पुन्हा पहिल्यापासून. काल तुम्ही केवढं अवघड सोडवलंत, याची त्याला काही पडलेली नसते. भूमिका घेऊन खेळायचे खेळ, म्हणजे रोल-प्लेइंग गेम, याच्या अगदी उलट. तिथे तुम्ही एक पात्र निवडता, त्याला नाव देता. सुरुवातीला ते इतकं दुबळं असतं की एखादा उंदीरही त्याला लोळवेल. मग पन्नास-शंभर तासांच्या प्रवासात ते तलवार मिळवतं, मंत्र शिकतं, जखमा सोसतं, मोठं होतं. एक खेळ प्रत्येक वेळी पाटी पुसतो, दुसरा पाटीवरचं एक अक्षरही पुसू देत नाही. यांचा संसार कसा काय जमला?

दोघांची कुळं वेगळी, आणि दोन्ही थक्क करणारी.

कोड्याच्या घराण्याचा एक मोठा पुरुष मॉस्कोचा. 1980च्या दशकाच्या मध्यात सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजितनोव यांनी टेट्रिस लिहिला. ज्या यंत्रावर लिहिला त्या इलेक्ट्रॉनिका-60ला चित्रं काढताच येत नव्हती, फक्त अक्षरं आणि चिन्हं. मग पाजितनोव यांनी कंसांच्या जोड्या शेजारी शेजारी मांडून चौकोन तयार केले! जगाला झपाटणारा खेळ पहिल्यांदा पडद्यावर उतरला तो व्याकरणाच्या चिन्हांतून. पुढे 1994मध्ये रशियातच येव्गेनी अलेमझिन यांनी शारिकी नावाचा खेळ केला: शेजारचे दोन गोळे अदलाबदल करा, तीन सारखे ओळीत आले की नाहीसे होतात. 2001मध्ये अमेरिकेतल्या पॉपकॅप कंपनीने याच कल्पनेला हिऱ्या-माणकांचा साज चढवला आणि बिज्वेल्ड जन्माला आला. मोबाइलवर कँडी क्रश खेळणारी आपली सगळी जनता याच वंशावळीतली.

भूमिकेचं घराणं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या एका लहान गावातून आलं. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स छापला, पहिल्या छपाईत अवघ्या हजार प्रती. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती बसलेली मित्रमंडळी, एवढंच सामान. आज कुठल्याही मोबाइल गेममध्ये दिसणारी लाल पट्टी, मार बसला की कमी होणारी, तिच्यामागची कल्पना या खेळाने रुळवली. आणि आर्नेसन यांना ती सुचली कुठून? समुद्रावरच्या लढायांच्या खेळांतून. तिथे प्रत्येक जहाज किती मारा सोसून बुडेल, याचा हिशेब ठेवलेला असे. जहाजाचा हिशेब माणसाला लावला, आणि एका घावात मरणारा प्यादा एकदम जखमी होऊनही झुंजणारा वीर झाला. अनुभवाचे गुण साठवत पायरी पायरीने वर चढण्याची, ज्याला आपली मुलं ‘लेव्हल वाढली’ म्हणतात, ती पद्धतही याच खेळाची देणगी.

ही दोन घराणी दोन दशकांहून जास्त काळ आपापल्या वाटेने गेली. अधूनमधून ओळखदेख झाली, पण थाटात लग्न लागलं ते 2007मध्ये. लावलं ऑस्ट्रेलियातल्या स्टीव्ह फॉकनर यांनी. 1990पासून वॉरलॉर्ड्स नावाचे युद्धाचे भारदस्त खेळ करणारा हा माणूस. त्यांच्या मेलबर्नच्या इन्फिनिट इंटरॅक्टिव्ह कंपनीने पझल क्वेस्ट काढला, हातात धरायच्या छोट्या यंत्रांसाठी.

याची एकच चाल अगदी जवळून बघू या.

आठ बाय आठचा पट. चौसष्ट खडे. लाल, हिरवे, निळे, पिवळे हे चार रंग म्हणजे तुमच्या मंत्रांचं इंधन: आगीचा मंत्र टाकायचा तर लाल साठवा, पाण्याचा तर निळे. त्यांच्यात मिसळलेल्या कवट्या. तीन कवट्या जुळवल्या की शत्रूला थेट मार. शिवाय सोन्याची नाणी आणि जांभळे तारे. नाणी जुळवली की पैसे, तारे जुळवले की अनुभव. आता विचार करा. बिज्वेल्डमध्ये लाल काय नि निळा काय, सगळे सारखेच, जुळले की झालं. इथे प्रत्येक रंगाला अर्थ आला! समोर तीन हिरवे जुळताहेत आणि पलीकडे तीन तारे. हिरवे घेतले तर पुढच्या चालीला बरं करणारा मंत्र टाकता येईल. तारे घेतले तर आत्ता काही फायदा नाही, पण योद्धा कायमचा थोडा शहाणा होईल. कुठलं घ्याल? नुसत्या डोळ्यांनी सुटणारं कोडं क्षणात स्वभावाचा प्रश्न झालं. सावध माणूस वेगळा खेळणार, उतावळा वेगळा.

त्यावर फॉकनर यांनी आणखी एक खुंटी मारली: पट एकच, खेळणारे दोन. एक चाल तुमची, एक राक्षसाची. गाडीत ब्रीफकेसवर रुमाल पसरून बदाम सात खेळणाऱ्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. हातात बदामाची अठ्ठी असते, लावता येत असते, तरी माणूस ती दाबून ठेवतो, कारण ती लावली की पुढच्याच्या नव्वीला वाट मिळणार. इथेही तसंच. तीन निळे घेण्याच्या नादात तुम्ही वरून चार कवट्या ओळीत आणून ठेवल्यात, तर पुढची चाल राक्षसाची आहे. शिवाय चार जुळवणाऱ्याला लगेच आणखी एक चाल फुकट. म्हणजे आपल्याला काय मिळतंय याच्या इतकाच विचार आपण मागे काय ठेवून जातोय याचाही करावा लागतो.

आणि हरलात तर? इथे मला या खेळातली सगळ्यांत सुंदर युक्ती दिसते. लढाईत तुम्ही जुळवलेली नाणी आणि तारे हरल्यावरही तुमच्याकडेच राहतात. मंत्रांचं इंधन वाया जातं, अनुभव जात नाही. कोड्यात हार म्हणजे शून्य. इथे हरलेला माणूस सुद्धा आधीपेक्षा किंचित बलवान होऊन बाहेर पडतो. मग तो पुन्हा खेळेल की नाही? खेळतोच.

पझल क्वेस्टच्या खेळाडूंनी एक तक्रार इतक्या जोरात केली की ती या खेळाच्या इतिहासाचाच भाग झाली: यंत्र लबाडी करतंय! राक्षसाची चाल आली की वरून नेमके त्याच्या सोयीचे खडे पडतात, धडाधड कवट्या जुळतात, आणि आपली चाल आली की काही नाही. लोक हिरिरीने सांगत, शपथेवर सांगत. फॉकनर यांचं उत्तर साधं होतं: वरून काय पडणार हे यंत्रालाही ठाऊक नसतं. पडणारे खडे दोघांनाही सारख्याच नशिबाने मिळतात. मग इतक्या लोकांना एकच भास कसा झाला? कारण आपल्या वाट्याला आलेलं घबाड आपण आपल्या हुशारीच्या खात्यावर टाकतो आणि विसरतो. शत्रूला मिळालेलं मात्र काळजावर कोरलं जातं. चौसष्ट घरांच्या एका पटाने माणसाच्या स्मृतीचा पक्षपात असा उघड्यावर मांडला.

पण ते वरून पडणारे खडे! त्यांच्यापाशी थोडं थांबायलाच हवं. या साऱ्या झपाटलेपणाची किल्ली तिथे आहे.

वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. माकडाला अवचित फळांचा रस दिला की या पेशी उसळतात, हे अपेक्षितच. पण रसाआधी दर वेळी एक ठरावीक खूण दाखवायला सुरुवात केली, तेव्हा काही दिवसांनी अजब घडलं. पेशी खूण दिसताच उसळू लागल्या, आणि रस प्रत्यक्ष जिभेवर आला तेव्हा ढिम्म! खूण दाखवून रस दिलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचं नेहमीचं स्पंदनही मंदावलं. 1997मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी याचा अर्थ मांडला: या पेशी बक्षीस मोजत नाहीत. बक्षीस आणि अपेक्षा यांच्यातला फरक त्या मोजतात. ठरल्याप्रमाणे मिळालं तर शांतता. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर जल्लोष.

आता पटाकडे वळा. तुम्ही तीन निळे जुळवता, ते अपेक्षित. मेंदू म्हणतो, बरं. मग वरून अनोळखी खडे पडतात. त्यात काय असेल हे तुम्हाला कधीच ठाऊक नसतं. दहा वेळा काही होत नाही, अकराव्या वेळी तीन पिवळे जुळतात, त्यांच्या फुटण्याने चार कवट्या, त्यांच्या फुटण्याने पुन्हा तीन लाल, आणि तुम्ही बोटही न लावता पट स्वतःच दिवाळी साजरी करतो. अपेक्षेहून जास्त मिळाल्याचा हा धक्का, आणि तो केव्हा येईल याचा नेम नाही. तरीही सुरुवात तुमच्याच बोटाने झालेली असल्यामुळे वाटतं, हे मी केलं! नशीब आणि कर्तबगारी यांची इतकी बेमालूम सरमिसळ दुसरीकडे सहसा सापडत नाही.

हे सारं किती मोठ्या मैदानावर चालतं, त्याचा अंदाज घेऊ. चौसष्ट घरं, प्रत्येकात सात प्रकारांपैकी एक खडा. आधीच तिकड्या जुळलेल्या आहेत असे पट वगळले तरी शक्य असलेल्या पटांची संख्या एकावर पन्नासहून जास्त शून्यं इतकी भरते. सबंध पृथ्वीत जेवढे अणू आहेत, त्यांच्याहून मोठा आकडा! म्हणजे विरार लोकलमध्ये कुणी उद्या नव्या लढाईचा पट उघडेल, तो जवळपास नक्कीच जगात याआधी कुणीही पाहिलेला नसेल.

आणि त्यात उत्तम चाल शोधणं किती अवघड असावं? 2014मध्ये टोबी वॉल्श या संशोधकांनी, आणि त्याच वर्षी इटलीतल्या तीन संशोधकांनी स्वतंत्रपणे, सिद्ध केलं की पट हवा तेवढा मोठा करू दिला तर कँडी क्रशसारख्या खेळांत ठरावीक चालींत ठरावीक गुण गाठता येतील का, हे ठरवणं गणितातल्या सर्वांत चिवट प्रश्नांच्या पंगतीत बसतं. असे प्रश्न झटपट सोडवण्याची कुठलीही रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. पाच वर्षांचं मूल ज्याचा नियम अर्ध्या मिनिटात शिकतं, त्याच्यापुढे गणितज्ञ हात टेकतात. खेळ इतका सोपा दिसतो आणि तरी संपूर्ण कळला असं कधीच वाटत नाही, ते उगाच नव्हे.

इथवरचं सगळं कोड्याचं कौतुक. मग भूमिका येऊन काय करते? ती घड्याळ बदलते.

नुसत्या कोड्याचं घड्याळ सेकंदांचं. जुळलं, फुटलं, संपलं. भूमिकेचं घड्याळ महिन्यांचं. दोन्ही एकाच बोटाच्या हालचालीवर चालवायची, ही खरी करामत. एकच चाल दोन सेकंदांत आनंद देते, तीन मिनिटांत लढाई जिंकून देते, आठवड्यात लेव्हल वाढवते आणि चार महिन्यांत राज्य परत मिळवून देते. मालाडला उतरायची घाई असेल तर दोन सेकंदांवर थांबा. नाही तर पुढचं वर्तुळ अर्धवट उघडं आहेच.

‘अर्धवट’ राहिलेल्या गोष्टीत केवढी ताकद असते, हे 1920च्या दशकात बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या विद्यार्थिनी मारिया ओव्सियांकिना यांनी दाखवलं. लोकांना छोटी छोटी कामं दिली आणि मध्येच काही निमित्ताने थांबवलं. नंतर त्यांना मोकळं सोडलं, काम पुरं करा असं कुणी म्हटलं नाही, बक्षीस तर नाहीच. तरीही बहुतेक जण आपण होऊन त्या अर्धवट कामाकडे वळले. कशासाठी? अर्धवट राहिलं होतं म्हणून! कोडं आणि भूमिका एकत्र आली की अर्धवट गोष्टींची रांगच लागते. लढाई संपली, पण लेव्हलला चाळीस गुण कमी पडले. लेव्हल झाली, पण ढालीला एक दगड हवा. दगड मिळाला, पण किल्ल्याचं दार आता कुठे दिसू लागलं. अशी एकही जागा येत नाही जिथे सगळंच एकदम पुरं झालेलं असेल. बोरिवली आली तरी फोन खिशात जायला तयार नसतो, त्याचं कारण बऱ्याच अंशी हे.

आणि खिशात गेल्यावर? 2000 साली रॉबर्ट स्टिकगोल्ड या संशोधकांनी सत्तावीस जणांना तीन दिवस टेट्रिस खेळायला लावलं. झोप लागता लागता त्यांतल्या अनेकांच्या डोळ्यांपुढे विटा पडू लागल्या. पण या सत्तावीस जणांत पाच जण स्मृती गमावलेले होते. मेंदूच्या इजेमुळे त्यांच्या मनात नवी आठवण टिकतच नसे. दर वेळी खेळ त्यांना पुन्हा शिकवावा लागे, आपण तो आधी खेळलोय हे त्यांच्या गावीही नसे. तरी त्या पाचांपैकी तिघांनी झोपेच्या उंबरठ्यावर पडणारे आकार पाहिल्याचं सांगितलं. खेळ आठवत नव्हता, आकार मात्र दिसत होते! जे मनाला माहीत नाही ते मेंदूच्या कुठल्या तरी आतल्या खोलीत चालूच होतं. रात्री डोळे मिटल्यावर तुम्हालाही खडे सरकताना दिसले असतील, तर ते याच खोलीतून.

हे सगळं मॉस्को, विस्कॉन्सिन, मेलबर्न असं बाहेरून आलं, असा समज होण्याआधी आपल्या घरातलं एक कपाट उघडू या. सापशिडी आपण सगळेच खेळलो. तिचा मूळ पट, ज्ञानचौपड किंवा मोक्षपट, भारतातला. मराठी परंपरा त्याचा कर्ता म्हणून ज्ञानेश्वरांचं नाव सांगते. कुठे 72 घरांचा, कुठे 84, कुठे 100. प्रत्येक घराला नाव असे, कुठे एखादा गुण, कुठे अवगुण, कुठे एखादा लोक. शिडी पुण्याईची, साप विकाराचा. कवड्या टाकायच्या आणि सोंगटी पुढे न्यायची. ती सोंगटी कोण? तुम्ही स्वतः. तुमचा जीव, जन्माजन्मांतून वर चढणारा. पटावर एक चाल खेळताना आपण कुणी तरी आहोत, आपला काही तरी प्रवास चालला आहे, ही भावना कित्येक शतकांपूर्वी इथे कवड्यांच्या आवाजात घडत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पट इंग्लंडला पोचला. हळूहळू घरांची नावं गळली, उरले आकडे, साप आणि शिड्या. भूमिका काढून घेतली आणि निव्वळ खेळ उरला! फॉकनर यांनी 2007मध्ये बिज्वेल्डला जे दिलं, ते इंग्रजांनी मोक्षपटातून काढून टाकलं होतं. मला ही उलटी वाट अतिशय विलक्षण वाटते.

पझल क्वेस्टनंतर पाच वर्षांनी जपानने या लग्नाला अफाट वैभव आणलं. 20 फेब्रुवारी 2012 रोजी गुंगहो कंपनीने पझल अँड ड्रॅगन्स बाजारात आणला. पट सहा बाय पाचचा. पण इथे एका घराचीच अदलाबदल करायची असं बंधन नाही. एक गोळा बोटाखाली धरा आणि चार-एक सेकंद पटभर कुठेही फिरवा. तो जिथून जाईल तिथले गोळे जागा बदलत जातात. चार सेकंदांत बोटाने एक अख्खी वाट काढायची की शेवटी बोट उचललं की पाच, सहा, सात तिकड्या एका दमात फुटाव्यात. नवखा माणूस गोळा दोन घरं सरकवतो. कसलेल्या खेळाडूचं बोट नुसतं पाहत राहावं: एखाद्या बाईने रांगोळीचे ठिपके न बघता जोडावेत तसं ते वळणं घेत जातं. आग, पाणी, झाड, उजेड, अंधार असे लढायचे पाच प्रकारचे गोळे, आणि प्रत्येक रंग आपापल्या राक्षसाला लढायला लावतो. गटात एक साथीदार दुसऱ्या कुणा खेळाडूचा उसना आणायचा. हा मोबाइलवर एक अब्ज डॉलर कमावणारा पहिला खेळ ठरला.

एवढा पैसा आला कुठून? खेळ तर फुकट होता. इथे कौतुकाचा सूर थोडा बदलावा लागतो. नवे राक्षस मिळत सोडतीतून, आणि सोडतीला लागणारे जादूचे खडे पैसे देऊनही मिळत. वरून अनोळखी खडे पडण्याचा जो आनंद पटावर फुकट होता, तोच आता दुकानात विकायला ठेवला गेला. जपानमध्ये त्या वर्षी अशा सोडतींचा एक प्रकार फार बोकाळला होता: ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमवा, मग दुर्मीळ बक्षीस. यातलं गणित पाहा. संच सहा वस्तूंचा, प्रत्येकीची शक्यता सारखी. पहिली नवी वस्तू पहिल्याच सोडतीत मिळते. पाच जमल्यावर सहावीसाठी मात्र सरासरी सहा सोडती लागतात, आणि पूर्ण संचाला सरासरी पंधराच्या आसपास. जितके जवळ जाल तितका रस्ता लांबतो! प्रत्यक्षात वस्तूंच्या शक्यता सारख्याही नसत, मग तो रस्ता कुठवर जात असेल? मे 2012मध्ये जपानच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने हा प्रकार बेकायदा ठरवला. साध्या सोडती मात्र राहिल्या, आजही आहेत.

त्यामुळे ‘हा गेम व्यसन लावतो’ असं कुणी म्हटलं, तर मी आधी विचारेन, कुठला भाग? तीन खडे जुळण्यातला आनंद आणि योद्धा मोठा होण्यातलं समाधान हे माणसाच्या फार जुन्या भुकेतून येतं, आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019मध्ये आपल्या आजारांच्या यादीत गेमिंगच्या विकाराचा समावेश केला, तोही झोप, काम, नाती मोडकळीस येऊनही साधारण वर्षभर खेळ आवरत नसेल तेव्हाच. भांडुप ते मुलुंड खेळणारी माणसं त्यात बसत नाहीत. पण संपलेली लाइफ पुन्हा मिळायला अर्धा तास थांबा नाही तर पैसे भरा, असं सांगणारा खेळ माझ्या मते वेगळ्या जातीचा आहे. तो अर्धवटपणाची ओढ तुमच्यासाठी वापरत नाही, तुमच्यावर वापरतो. घरातल्या मुलाच्या हातात असा गेम दिसला तर किती वेळ खेळलास याआधी विचारावं, यात सोडत आहे का?

चांगल्या हातात हीच ओढ काय करू शकते, याचं एक उदाहरण पुण्याचं आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या चमूने 2020च्या ऑगस्टमध्ये राजी: ॲन एन्शंट एपिक हा खेळ काढला. जातकुळीने तो साहसाचा, मारामारीचा खेळ, निखळ रोल-प्लेइंग नव्हे. राजी सर्कशीत कसरती करणारी मुलगी. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुर चाल करून येतात आणि तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. कथा सांगतात दुर्गा आणि विष्णू. तिच्या वाटेवर कोडी येतात: चित्राचे फिरणारे तुकडे वळवून मूळ चित्र जुळवायचं. आणि चित्र जुळलं की काय मिळतं? नाणी नाहीत, गुण नाहीत. राजी आणि गोलूच्या आधीच्या आयुष्यातला एक प्रसंग उलगडतो. कोड्याचं उत्तर म्हणजे पात्राची आठवण! आपण तुकडे फिरवतो तेव्हा राजी आठवत असते. कोडं आणि भूमिका यांचा सांधा इतका हळुवार जुळलेला मी क्वचित पाहिला आहे, आणि तो आपल्या शेजारच्या शहरात जुळला याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मग माझी एक हौस सांगतो, कुणी गेम बनवणारं वाचत असेल तर त्यांच्यासाठी. मोक्षपट घ्या आणि त्याला खड्यांच्या पटावर उतरवा. लाल-निळ्याऐवजी खड्यांवर दया, धैर्य, विवेक, लोभ, मत्सर असे गुण-अवगुण असू द्या. लोभाच्या तिकडीला झटपट भरपूर गुण द्या, पण ती फुटली की वरून जास्त साप पडू द्या. विवेकाच्या तिकडीला आत्ता काही नको, पुढच्या तीन चालींत वरून काय पडणार ते दिसू द्या फक्त. समोर राक्षस नको. तुमचीच मागची खेळी, मागच्या जन्मी तुम्ही ज्या चाली केल्यात त्या लक्षात ठेवून, तुमच्याविरुद्ध खेळू द्या. पात्राची लेव्हल वाढेल ती जन्मागणिक. सोडत, दुकान काहीही नको. आणि पटाच्या माथ्यावर वैकुंठाचं घर असेल, जिथे पोचल्यावर खेळ खरोखर संपेल. मोबाइलवरच्या अशा गेमांना शेवट नसतो, कारण संपलेला गेम पैसे देत नाही. संपणारा पझल-रोल-प्लेइंग गेम लोक खेळतील का? घाटकोपरला मेट्रोत चढून वर्सोव्याला उतरेपर्यंत एक जन्म पुरा होईल, एवढीच त्याची लांबी ठेवा. अकरा-साडेअकरा किलोमीटर, बारा स्टेशनं, वीसेक मिनिटं. साकीनाक्यापर्यंत बालपण उरकायला हवं.